तांत्रिक लेखनाचे शिक्षण आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारे पत्रक

संशोधन केंद्रावर सिद्ध झालेली गोष्ट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचते ती पुष्कळदा कागदाच्या वाटेने. बियाण्याच्या पिशवीतील चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरील लेबल, फवारणी पंपाबरोबर मिळणारी पुस्तिका, कृषी खात्याचे एकपानी पत्रक, ही सारी त्या वाटेवरची वाहने होत. हा मजकूर कोणी तरी लिहिलेला असतो. लिहिणारा बहुधा कृषी पदवीधर असतो. कीड व रोग ओळखण्यात तो तरबेज असतो, मात्रा त्याला तोंडपाठ असतात. परंतु ‘वाचणाऱ्याने हे वाचून नेमके काय करावयाचे आहे’ हे कागदावर कसे उतरवावे, याचे शिक्षण त्याला क्वचितच मिळालेले असते. ज्याला विषय कळतो त्याला तो लिहिताही येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही, हे ओळखून काही देशांतील विद्यापीठांनी या कामासाठी स्वतंत्र शिक्षणक्रम सुरू केले. त्यास तांत्रिक लेखन, किंवा अधिक व्यापक अर्थाने तांत्रिक संवाद, असे म्हणतात. या विद्येचा उगम कसा झाला, तीत काय शिकवितात व विस्तार कार्यकर्त्यांना तिचा काय उपयोग आहे, ते पाहण्यासारखे आहे.

या विद्येचा उगम

या विद्येचे एक मूळ शेतीतच आहे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने कृषी व यंत्रविद्येच्या महाविद्यालयांना जमिनी मिळाल्या आणि १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्यात प्रयोग केंद्रे उभी राहिली. या केंद्रांनी प्रयोगांचे वृत्तान्त छापण्यास प्रारंभ केला. परंतु कोष्टकांनी भरलेले ते वृत्तान्त शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी लिहिलेले होते. शेतकऱ्याला त्यांतून पेरणीचा निर्णय घेता येईना. आयोवा राज्यात एम्स येथील कृषी महाविद्यालयात १९०५ साली कृषी पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात १९०८ साली त्यासाठी स्वतंत्र विभागच स्थापन झाला. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारसेवेला कायद्याचा आधार मिळाला, तो यानंतर. म्हणजे विस्तारसेवा कायद्याने उभी राहण्यापूर्वीच शेतकऱ्यांसाठी लिहिणाराची उणीव भासू लागली होती.

दुसरे मूळ यंत्रविद्येत आहे. खाण अभियंता टी. ए. रिकर्ड याचे तांत्रिक लेखनावरील मार्गदर्शक पुस्तक १९०८ साली निघाले. टफ्ट्स महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविणारे सॅम्युएल चँडलर अर्ल यांचे पाठ्यपुस्तक १९११ साली आले. दुसऱ्या महायुद्धात विमाने, रडार यांसारखी गुंतागुंतीची साधने नवशिक्या सैनिकांच्या हाती द्यावी लागली, तेव्हा सूचनापुस्तिकांचे महत्त्व साऱ्यांना पटले. युद्धानंतर, १९५३ साली, न्यूयॉर्क राज्यातील रेन्सलिअर पॉलिटेक्निक संस्थेत तांत्रिक लेखनाचा पदव्युत्तर शिक्षणक्रम सुरू झाला. १९५८ साली पिट्सबर्ग येथील कार्नेगी संस्थेत पदवीचा शिक्षणक्रम निघाला.

योगायोगाची गोष्ट अशी की याच काळात भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस आरंभ झाला व १९५३ साली राष्ट्रीय विस्तारसेवा निघाली. खेड्याखेड्यांतून ग्रामसेवक काम करू लागले. त्यांच्या हाती पत्रके मोठ्या संख्येने दिली गेली. पत्रक लिहिण्याचे शिक्षण मात्र विस्तार शिक्षणाच्या एका कोपऱ्यात राहिले.

विद्यापीठात काय शिकवितात

या शिक्षणक्रमात व्याकरण व शुद्धलेखन यांना स्थान असले तरी ते अल्प असते. विद्यार्थ्याला भाषेच्या जोडीला विज्ञानाचा किंवा अभियांत्रिकीचा एखादा विषय घ्यावा लागतो. कारण जे कळलेले नाही ते सोपे करून सांगता येत नाही. तज्ज्ञाची मुलाखत कशी घ्यावी, हेही त्याला शिकवितात. तज्ज्ञ मनुष्य आपल्या कामातील निम्म्या पायऱ्या सवयीने करतो आणि सांगताना त्या गाळतो. ‘मग चुना मिसळावयाचा’ असे तो सहज म्हणून जातो. चुना भिजवून गार होऊ द्यावयाचा असतो, कापडातून गाळावयाचा असतो, हे त्याच्या लेखी सांगण्यासारखे नसतेच. ते विचारून काढणे हे लेखकाचे काम. याखेरीज आकृत्या व कोष्टके, पानाची मांडणी, संपादन, आणि अलीकडील काही दशकांत संगणकावरील लेखनसाधने, असे विषय असतात. काही महिने प्रत्यक्ष कारखान्यात किंवा कचेरीत उमेदवारी करावी लागते. शिक्षण संपते तेव्हा विद्यार्थ्याजवळ स्वतः लिहिलेल्या पुस्तिकांची व पत्रकांची एक फाईल तयार असते. नोकरी देणारे गुणपत्रिकेआधी ती फाईल पाहतात.

परंतु या साऱ्यात मोलाचा भाग म्हणजे वाचकाचा अभ्यास होय. जॉन कॅरोल या संशोधकाने आय.बी.एम. कंपनीच्या संशोधन केंद्रात नव्याने संगणक शिकणाऱ्या माणसांचे निरीक्षण केले व त्यावर १९९० साली ग्रंथ लिहिला. त्याला असे दिसून आले की, माणसे पुस्तिका पहिल्या पानापासून वाचीत बसत नाहीत. ती आधी कामाला हात घालतात, अडले म्हणजे पुस्तिका उघडतात आणि हवे तेवढेच पाहतात. म्हणून पुस्तिका आटोपशीर असावी, कामापासून सुरू व्हावी, आणि चूक झाल्यास ती कशी ओळखावी व कशी सुधारावी हे तीत अवश्य असावे, असे त्याने प्रतिपादन केले. ज्याने शेतकऱ्याला फवारणीच्या दिवशी सकाळी पत्रक उघडताना पाहिले आहे, त्याला हे म्हणणे पटण्यास वेळ लागणार नाही.

बोर्डो मिश्रणाचे उदाहरण

हा विचार शेतीच्या एखाद्या जुन्या, सर्वांच्या परिचयाच्या कृतीला लावून पाहू. फ्रान्समधील बोर्दो येथील मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षावरील केवडा रोगासाठी मोरचूद व चुना यांचे मिश्रण प्रसिद्ध केले. नाशिककडील द्राक्षबागांपासून कोकणातील सुपारीपर्यंत ते आजही वापरात आहे. आता समजा, एखाद्या पत्रकात त्याविषयी पुढीलप्रमाणे छापले आहे.

‘एक टक्का बोर्डो मिश्रण तयार करण्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना १०० लिटर पाण्यात मिसळून द्रावण तयार करण्यात यावे. द्रावण तयार करताना धातूच्या भांड्यांचा वापर टाळण्यात यावा. मोरचूद व चुना स्वतंत्र भांड्यांत विरघळविणे आवश्यक आहे. द्रावण आम्लधर्मी राहिल्यास पानांना इजा होत असल्याने त्याची चाचणी घेण्यात यावी.’

यातील एकही विधान शास्त्रदृष्ट्या खोटे नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत यास चांगले गुण मिळतील. परंतु शेतकरी पहिले वाक्य वाचतो आणि कामाला लागतो. त्याच्याजवळ दोनशे लिटरचा लोखंडी पिंप असतो. त्यात तो पाणी भरतो, मोरचूद टाकतो, चुना टाकतो. दुसऱ्या वाक्यापाशी येईतो पिंप लोखंडी असल्याचा बोध त्याला होतो. तिसऱ्या वाक्यापाशी यावे तर दोन्ही पदार्थ एकत्र झालेले. चौथ्या वाक्यात चाचणी घेण्यास सांगितले आहे, पण कशी घ्यावयाची हे सांगितलेले नाही. असे मिश्रण फवारले आणि पाने करपली, तर दोष औषधाला दिला जातो.

आता तीच माहिती कामाच्या क्रमाने मांडली तर ती अशी होईल.

‘तीन भांडी घ्या : दोन ५० लिटरची, एक १०० लिटरहून मोठे. तिन्ही प्लॅस्टिकची, मातीची किंवा लाकडाची असावीत. लोखंडी किंवा जस्ती भांडे घेऊ नका. पहिल्या भांड्यात ५० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद कुटून पूर्ण विरघळवा. दुसऱ्या भांड्यात १ किलो ताजा कळीचा चुना थोड्या पाण्यात भिजवा. तो फुटून गार झाला की कापडातून गाळा व एकंदर ५० लिटर करा. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता व ओतताना काठीने ढवळीत राहा. मिश्रण आकाशी निळे दिसेल. आता घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढा. त्यावर तांबूस थर दिसला तर फवारू नका. गाळलेली चुन्याची निवळी आणखी घाला व पुन्हा पाहा. थर दिसला नाही तर मिश्रण तयार झाले. त्याच दिवशी वापरा.’

हा मजकूर आधीच्यापेक्षा लांब आहे. पत्रक जितके त्रोटक तितके सोपे, हा समज येथे टिकत नाही. वाचकाचे हात ज्या क्रमाने चालावयाचे त्या क्रमाने वाक्ये आली, भांड्यांची गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी सांगितली गेली, आणि मिश्रण बिघडल्यास ते ओळखण्याची व सुधारण्याची युक्ती हाती दिली, म्हणून ते सोपे झाले आहे. ‘करण्यात यावे’ हा शासकीय लेखणीचा लाडका प्रयोगही त्यातून गेला. हुकूमनाम्यात तो शोभतो. पण चुना कोणी गाळावयाचा, हे त्यातून कळत नाही.

बीजप्रक्रियेच्या पत्रकातही क्रमाचे असेच महत्त्व आहे. प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक व सर्वांत शेवटी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणूसंवर्धक, हा योग्य क्रम. परंतु जिवाणूसंवर्धकाचे गुणगान प्रथम करून ‘तत्पूर्वी बुरशीनाशक लावलेले असावे’ असे शेवटच्या ओळीत लिहिले, तर बियाणे तोवर ओले होऊन सावलीत पसरलेले असते.

शेतकऱ्याचे माप

औषधाची शिफारस हेक्टरी असते. शेतकरी एकरात, गुंठ्यात आणि पंपात मोजतो. समजा, शिफारस हेक्टरी ५०० मिलिलिटर औषध ५०० लिटर पाण्यातून फवारण्याची आहे. म्हणजे लिटरमागे १ मिलिलिटर, व १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला १५ मिलिलिटर. एकराला ढोबळ मानाने २०० लिटर पाणी, म्हणजे तेरा-चौदा पंप झाले. पत्रकात केवळ ‘पंपाला १५ मिलि’ एवढेच छापले आणि शेतकऱ्याने आठ पंपांत एकर उरकला, तर पिकावर २०० ऐवजी १२० मिलिलिटर औषध पडते. कीड मरत नाही. तो दुकानदाराकडे जातो, आणि पुढच्या खेपेस पंपात दोन औषधे एकत्र पडतात. उलट, यंत्रावर चालणाऱ्या पंपाला पाणी पुष्कळ कमी लागते. तेथे पंपाचे माप वेगळे सांगावे लागते. म्हणून मात्रेच्या वाक्यात पंप कोणता, त्याची टाकी किती लिटरची व एकराला किती पंप, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्यात. एक ओळ वाढते. ती वाढू द्यावी. औषध बाटलीच्या टोपणाने मोजण्याची रीत गावोगाव आहे. टोपणे लहानमोठी असतात, तेव्हा ‘मोजपात्र वापरा’ असे नुसते न लिहिता, ते औषधासोबत मागून घ्यावे असे लिहिणे उपयोगाचे.

लेबल व त्याचा अर्थ

कीटकनाशक कायदा १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांनी लेबलावर काय असावे हे ठरवून दिले आहे. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, त्याचे दोन त्रिकोण, आणि खालच्या त्रिकोणात विषारीपणाचा रंग. लाल म्हणजे अतितीव्र विषारी. मग पिवळा, निळा व हिरवा या क्रमाने विषारीपणा उतरत जातो. मजकूर हिंदी, इंग्रजी व त्या भागातील प्रादेशिक भाषेत असावा असाही दंडक आहे. बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा द्यावा लागतो.

कायद्याने छापणे भाग पाडले. परंतु वाचणाऱ्याला त्यातून काय समजते, हा प्रश्न निराळा आहे. हिरवा रंग शेतकऱ्याच्या मनात पिकाचा, भरभराटीचा रंग आहे. हिरवा त्रिकोण पाहून ‘हे बिनधोक’ असे कोणी समजला, तर त्याला हसण्याचे कारण नाही. हिरव्या त्रिकोणाचे औषधही विषच असते, फक्त कमी तीव्र. शंभर मिलिलिटरच्या बाटलीवर तीन भाषांचा मजकूर बसवावयाचा म्हणजे अक्षरे किती बारीक होतात, हेही सर्वांनी पाहिलेले आहे.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव, दमट हवा, या साऱ्यांची चर्चा झाली. चांगल्या पत्रकाने हे सारे टळले असते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फवारणारा पुष्कळदा मजूर असतो, आणि बाटली विकत घेणारा मालक. माहितीपत्रक खोक्यात घरी राहते, बाटली शेतात जाते. जो धोका पत्करतो त्याच्या दृष्टीस तो कागद पडतच नाही. तांत्रिक लेखनाच्या शिक्षणात ‘वाचक कोण’ हा पहिला प्रश्न विचारावयास शिकवितात, तो याचसाठी.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रात राहुरी येथे १९६८, अकोला येथे १९६९ व परभणी आणि दापोली येथे १९७२ साली कृषी विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचे विस्तार शिक्षण विभाग आहेत. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ व अकोल्याची ‘कृषी संवादिनी’ अनेक शेतकऱ्यांच्या घरी असते. कृषी खात्याचे ‘शेतकरी’ मासिक १९६५ पासूनचे. पदवी शिक्षणक्रमात कृषी पत्रकारिता हा ऐच्छिक विषयही आलेला आहे. परंतु पत्रकारिता व तांत्रिक लेखन यांत भेद आहे. वृत्तपत्रातील लेख वाचून वाचकाला गोष्ट कळली म्हणजे काम झाले. तांत्रिक लेखाचे काम वाचकाच्या हातून कृती बरोबर झाली म्हणजेच पुरे होते.

या विद्येवर पोट भरता येते काय, असा प्रश्न तरुण पदवीधर विचारतील. पुणे व बंगळूर येथील संगणक उद्योगात तांत्रिक लेखक नोकरीस आहेत. त्यांचे लेखन मुख्यतः इंग्रजीतून असते. मात्र हे क्षेत्र सुखाचे राहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील तांत्रिक लेखकांची १९५३ पासूनची परंपरा सांगणारी संस्था पैशाअभावी २०२५ च्या जानेवारीत बंद पडली. आता संगणक स्वतःच मजकूर लिहू लागला आहे, मराठीतूनही लिहितो. वाक्ये नीटनेटकी असतात. पण शेतकऱ्याजवळचा पिंप लोखंडी आहे हे ज्याने पाहिले असेल त्यालाच ती वाक्ये तपासता येतील. मराठीत शेतीसाठी तांत्रिक लेखन करू शकणाऱ्या माणसांची वाण आहे. बियाणे, औषधे, ठिबक सिंचन व अवजारे यांच्या कंपन्यांच्या पुस्तिका बहुतांशी इंग्रजीवरून शब्दशः उतरविलेल्या असतात. शेती व मराठी या दोहोंत मुरलेल्या पदवीधरास येथे वाव आहे.

पत्रकाची परीक्षा

विद्यापीठात शिकविली जाणारी एक पद्धत कोणाही विस्तार कार्यकर्त्यास विनाखर्च करता येईल. पत्रक छापण्यास देण्यापूर्वी त्याची हस्तलिखित प्रत घेऊन गावात जावे. पाच-सहा माणसे निवडावी. त्यांत एखादी बाई, एखादा मजूर व एखादा अल्पशिक्षित शेतकरी असावा. केवळ प्रगतिशील शेतकऱ्यांनाच दाखवून समाधान मानू नये. त्यांना ती माहिती बहुधा आधीपासून असते. प्रत्येकाला वेगवेगळे बसवून पत्रक व सामान द्यावे. औषधाच्या जागी साधे पाणी व रिकामी, न वापरलेली बाटली ठेवावी. मग म्हणावे, ‘यात लिहिले आहे तसे करून दाखवा, आणि करताना मनात येईल ते मोठ्याने बोला.’ यानंतर कार्यकर्त्याने गप्प बसावे. हे गप्प बसणेच कठीण जाते. ‘अहो, तसे नव्हे’ असे शब्द ओठांवर येतात. ते आवरावे व मनुष्य कोठे थांबला, कोणती ओळ दोनदा वाचली, कोठे चुकला, त्याची टाचणे करावी. ‘समजले का?’ असे विचारू नये. शेतकरी सौजन्याने ‘समजले’ म्हणतो. दोघे जण एकाच ठिकाणी अडले तर ते वाक्य बदलून पुन्हा पाहावे.

ज्या घरी वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही तेथे शाळेत जाणारे मूल पत्रक वाचून दाखविते. म्हणून मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. कंस, तिरप्या रेषा व संक्षेप कानाला कळत नाहीत. ‘मि.लि./हे.’ हे सातवीतल्या मुलीने कसे वाचावे?

कृषिदूत व कृषिकन्या म्हणून गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम सोपविता येईल. त्यांच्याजवळ वेळ असतो, आणि गावकरी त्यांच्यापुढे संकोच करीत नाहीत. एका पत्रकाची सहा जणांवर परीक्षा घेऊन त्याची सुधारलेली प्रत तयार करणे, एवढे एकच काम कार्यानुभवात असले तरी विद्यार्थ्याच्या फाईलीत पहिला कागद जमा होईल.

हल्ली पत्रकापेक्षा मोबाईलवरील संदेश अधिक दूर जातो. व्हॉट्सॲपवर एकाने दुसऱ्यास पाठविताना मजकुराचे तुकडे पडतात. तुरीची मात्रा हरभऱ्याच्या गटात जाऊन पोहोचते. म्हणून पीक, कीड, मात्रा, पंप व फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबावयाचे दिवस या सर्व गोष्टी एकाच संदेशात असाव्यात. पुढील भागात पाहावे असे लिहू नये.

त्याचप्रमाणे प्रत्येक पत्रकाच्या व संदेशाच्या तळाशी महिना व वर्ष घालावे. एन्डोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. त्यापूर्वीच्या पत्रकांत त्याची शिफारस आहे, आणि जुनी पत्रके घरोघर आढ्याला खोचलेली असतात. ज्या पत्रकावर वर्ष नाही ते जुने आहे की नवे, हे शेतकऱ्याला ओळखता येत नाही. शिफारस बदलल्यावर नव्या पत्रकात ‘अमुक साली दिलेली मात्रा आता वापरू नये’ अशी ओळ ठळक अक्षरांत पहिल्या पानावर, पिकाच्या नावाखालीच द्यावी.